सात जुलै, तिकीट एक रुपया

नमस्कार श्रोतेहो. मुंबईत काळा घोड्याला महात्मा गांधी रोडवर सेशन्स कोर्टासमोर एक जुनी बिल्डिंग उभी आहे, एस्प्लनेड मॅन्शन. लोखंडी बिल्डिंग. खरंच लोखंडी हां, बिडाचे खांब नि तुळया इंग्लंडात ओतल्या, बोटीनं इथं आणल्या आणि जोडल्या, १८६० च्या दशकात. तेव्हा ते होतं वॉटसन्स हॉटेल. मार्क ट्वेन इथंच उतरला होता, १८९६ साली.

पुढं हॉटेल बंद पडलं, महेंद्र मॅन्शन नाव लागलं, मग एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांना पार्टिशनं लागली, वकील आले, टायपिस्ट आले, झेरॉक्सवाले आले. मीही एकदा ॲफिडेव्हिट करायला तो जिना चढलोय.

पण मला सांगायचीय ती गोष्ट त्याच १८९६ ची. सात जुलै, मंगळवार. लक्षात ठेवा, सात जुलै. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा माणूस ऑस्ट्रेलियाला निघालेला, वाटेत मुंबईत उतरला, सोबत त्यांचं सिनेमा दाखवायचं यंत्र. आणि वॉटसन्समध्ये पडदा लागला, तिकीट एक रुपया. तेव्हाचा एक रुपया बरं का! दिवे मालवले आणि भिंतीवर आगगाडी स्टेशनात शिरली. चालणारी, हलणारी गाडी! भारतातला हा सिनेमाचा पहिला खेळ, आणि तो कुठं, तर ह्या बिल्डिंगमध्ये. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथं चार आण्यांपासून तिकीट होतं, म्हणून साधी माणसंही पोचली.

आणि त्या दिवसांत हे बघणाऱ्यांत एक आपला मराठी माणूस होता, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सगळे त्यांना सावेदादा म्हणायचे. फोटो स्टुडिओ होता त्यांचा. तर सावेदादांनी थेट लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती लावून तीच चित्रित केली! फिल्म धुवायला पुन्हा लंडनला पाठवली. १९०१ मध्ये गणितात नाव काढलेले रँग्लर परांजपे केंब्रिजहून आले, चौपाटीवर त्यांचं स्वागत झालं, तेही त्यांनी टिपलं. दादासाहेब फाळक्यांच्या कितीतरी आधी, श्रोतेहो, कितीतरी आधी.

बिल्डिंगचं पुढं काय झालं? २००५ मध्ये तिच्या गॅलरीचा भाग कोसळला, एक जीव गेला. त्याच वर्षी जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं आणि २०१९ मध्ये भाडेकरूंना बाहेर काढलं. पाडा म्हणणारे आहेत, वाचवा म्हणणारेही आहेत, आणि मी वाचवा म्हणणाऱ्यांत आहे. कोर्टाकडं कधी गेलात तर रस्त्याच्या पलीकडून क्षणभर वर बघा, ते बिडाचे खांब अजून दिसतात.