तळघरात उतरलेला वायू

(दृश्य: उत्तर इराकमधले डोंगर, पायथ्याशी वसलेलं शहर)

१६ मार्च १९८८. इराकच्या कुर्द भागातलं, इराणच्या सीमेजवळचं हलबजा. इराण-इराक युद्ध आठव्या वर्षात आहे. इराणी फौजा आणि पेशमर्गा, म्हणजे कुर्द लढवय्ये, यांनी हे शहर नुकतंच ताब्यात घेतलंय. आधी इराकी सैन्याचे नेहमीचे बॉम्ब पडतात, तोफगोळे येतात. लोक मुलाबाळांसह तळघरात उतरतात. विमानं आली की खाली जायचं, एवढं इतक्या वर्षांच्या लढाईने सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

मग गॅस येतो.

वाचलेल्या अनेकांनी सांगितलंय, आधी सफरचंदासारखा वास आला. मस्टर्ड गॅस होता, सारीन होतं. हे वायू हवेपेक्षा जड. जमिनीलगत पसरतात, खोलगट जागी साचतात. बॉम्बपासून वाचायला जी जागा सगळ्यात भरवशाची, तिथेच ते उतरले. स्नायूंना आकुंचन पावण्याचा संदेश मिळतो, तो काम झाल्यावर पुसून टाकणारं एक विकर आपल्या शरीरात असतं. सारीन त्या विकरालाच निकामी करतं. स्नायू सैल होत नाहीत, तोंडाला फेस येतो, श्वास थांबतो. सारीन जास्त असेल तर हे सगळं काही मिनिटांत. मस्टर्ड गॅसचं उलट. तो लागल्याचं कित्येकदा लगेच कळतही नाही. काही तासांनी कातडीवर फोड येतात, डोळे मिटतात, फुप्फुसं सोलवटून निघतात.

मृतांचा आकडा ३,२०० ते ५,००० च्या दरम्यान सांगितला जातो. बहुतेक सगळे साधे नागरिक. त्या गोंधळात अनेक मुलं हरवली. त्यांतला एक तान्हा इराणमध्ये वाढला आणि २००९ मध्ये, डीएनए चाचणीनंतर, आपल्या आईला भेटला. एकवीस वर्षं ती माउली त्याला मेलेला समजत होती.

(दृश्य: पहिल्या महायुद्धातले खंदक, जुनी छायाचित्रं)

बॉम्बनेही माणूस मरतोच, मग गॅसवरच वेगळी बंदी कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्याचं उत्तर हलबजाच्या तळघरांत आहे. सैनिकाला मास्क मिळतो, पोशाख मिळतो, सराव मिळतो. घरातल्या आजीला आणि पाळण्यातल्या पोराला यातलं काहीच मिळत नाही. वारा फिरला की गॅस कुठे जाईल, हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून ही शस्त्रं पूर्णपणे बंदच हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती बंद करायची कशी, हा खरा अवघड भाग.

१८९९ मध्ये हेगला युरोपातल्या देशांनी जाहीर केलं, की गुदमरवणारे वायू पसरवणारे गोळे आम्ही डागणार नाही. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने गोळे डागलेच नाहीत. हजारो सिलिंडर खंदकात पुरून ठेवले, वारा अनुकूल होताच झडपा उघडल्या आणि क्लोरीन फ्रेंच फळीवर सोडला. शब्दांतून पळवाट निघाली. चारच दिवसांनी तिथे लढायला उतरलेल्या भारतीय लाहोर डिव्हिजनलाही गॅसने गाठलं. त्या दिवशी गॅस लागूनही जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणणाऱ्या जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्धानंतर १९२५ चा जिनिव्हा करार आला. रासायनिक आणि जैविक, दोन्ही शस्त्रं वापरायची नाहीत. बनवायला आणि साठवायला मात्र मोकळीक. कोण काय करतंय हे बघायला कुणी नाही. इराकने हा करार १९३१ मध्येच मान्य केला होता. हलबजाच्या चार वर्षं आधी, १९८४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराण-इराक युद्धात रासायनिक शस्त्रं वापरली गेल्याचं लेखी सांगितलं होतं. १९८६ मध्ये सुरक्षा परिषदेने इराकचं नाव घेऊन निषेध केला. तरी कच्चा माल जातच राहिला. शाई आणि कापडरंगाच्या धंद्यात लागणारं थायोडायग्लायकॉल मस्टर्ड गॅसलाही लागतं. ते इराकला पुरवणारा डच व्यापारी फ्रान्स फान आनराट याला शिक्षा झाली ती थेट २००५ मध्ये.

(दृश्य: हेग, रासायनिक शस्त्र प्रतिबंधक संघटनेची इमारत)

फरक पडला तो १९९७ पासून. त्या वर्षी लागू झालेल्या रासायनिक शस्त्रांवरच्या करारात बनवणं, साठवणं, वापरणं, सगळ्यालाच बंदी आहे. मुख्य म्हणजे, हेगच्या या संघटनेच्या निरीक्षकांना कारखान्याचं दार उघडून आत जाता येतं. भारताने त्याच वर्षी आपल्याकडे मस्टर्ड गॅसचा साठा असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत १,०४४ टन नष्ट करून टाकले. हा करार पाळण्यासाठी आपण २००० मध्ये केलेला कायदा तारापूर, महाडच्या रासायनिक पट्ट्यालाही लागू आहे. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने केंटकीतलं शेवटचं सारीनभरलं रॉकेट निकामी केलं, आणि जगाने जाहीर केलेला ७२,००० टनांहून जास्त साठा संपला.

सीरियाने तरीही फसवलं. २०१३ मध्ये करारात आला, साठा दिला, आणि २०१७ मध्ये खान शेखूनमध्ये पुन्हा सारीन पडलं. पण या वेळी तपास झाला, आणि संयुक्त राष्ट्रं आणि हेगची संघटना यांच्या संयुक्त चौकशी पथकाने सीरियाच्या सरकारचं नाव घेऊन जबाबदार कोण हे सांगितलं. हलबजाच्या वेळी अमेरिकेने काही काळ दोष इराणच्याही अंगावर टाकला होता.

जैविक शस्त्रांच्या बाबतीत आपण अजून मागेच आहोत. १९७५ पासून लागू असलेल्या करारात तपासणीची सोयच नाही. सोव्हिएत संघाने त्यावर सही केली आणि गुपचूप काम चालू ठेवलं. १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्स हा जीवघेणा जंतू निसटला, किमान ६६ माणसं गेली, सरकारने दूषित मांसाचं कारण पुढे केलं. खरं मान्य व्हायला १९९२ उजाडलं. तपासणीचा मसुदा अनेक वर्षांच्या चर्चेनंतर २००१ मध्ये अमेरिकेने फेटाळला. हा करार सांभाळणाऱ्या जिनिव्हातल्या कार्यालयात माणसं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी.

तपासणीला कायद्याचं बळ हवं, अशी भारताची जुनी मागणी आहे. २०२२ मध्ये सदस्य देशांनी त्यावर विचार करायला कार्यगट नेमला. आपल्या सरकारने तिथे हा मुद्दा लावून धरावा, आणि स्वतःच्या प्रयोगशाळांची दारं निरीक्षकांना उघडायची तयारी सगळ्यांच्या आधी दाखवावी.