झोपू दे, सकाळी उतरेल

(ठाण्यात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनी पुढे बसावं आणि पालकांनी मागे, असं आयोजकांचं ठरलं होतं. झालंय उलट, आणि दाराजवळच्या खुर्च्या मुलांनी आधीच पटकावल्यात. हरकत नाही, माईक चांगला आहे.

दारूचे दुष्परिणाम मी सांगणार नाही. ती पोस्टरं तुमच्या कॉलेजच्या जिन्यात लागलेली असतात आणि त्यांच्याच खाली उभं राहून शनिवारी कुठे बसायचं ते ठरतं. लिव्हर खराब व्हायला वर्षं लागतात. जीव जायला एक रात्र पुरते, आणि त्यासाठी माणूस व्यसनी असावा लागत नाही. मी त्या रात्रीबद्दल बोलणार आहे.

नेरूळ, खारघर, घणसोलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार-पाच मुलं एकत्र राहतात. सबमिशन संपलं, बाटल्या आल्या, चकणा आला. 'बिअरच आहे रे, दारू थोडीच,' हा तिथला लाडका युक्तिवाद. जरा हिशेब करू. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, लेबलवर ८ टक्के. म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगात असतं १० ग्रॅमच्या आसपास. एक बाटली म्हणजे चार पेग झाले! यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी त्याचा वेग वाढत नाही. रात्री दहाला सुरू करून दोन बाटल्या रिचवणारा मुलगा सकाळी आठच्या लेक्चरला स्कूटर काढतो, तेव्हा तो पूर्ण उतरलेला असेलच असं नाही. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं, की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता त्या फ्लॅटमधला जो सगळ्यात जास्त प्यायलाय, तो कॉटवर उताणा पडलाय. घोरतोय. बाकीचे म्हणतात, झोपू दे, सकाळी उतरेल. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या वाक्याची. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच असते, त्यामुळे पडल्यानंतरही त्याची अवस्था बिघडू शकते. घशाची नैसर्गिक राखण सुटलेली असते. उताण्या अवस्थेत उलटी झाली की ती फुप्फुसात जाऊ शकते.

म्हणून त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे घ्या, तोंड किंचित खाली ठेवा. बोटं घालून ओकायला लावू नका. एकाने शेजारी जागं बसायचं. हाका मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार लागत असेल, तर १०८ लावा. यातलं एकही लक्षण पुरे, सगळी जमायची वाट बघू नका.

हे कळूनही मुलं फोन करत नाहीत. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं आणि हार्ड लिकरला २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे त्या खोलीतलं जवळजवळ प्रत्येक पोर कायद्याच्या बाहेर बसलेलं. घरमालक काढून टाकेल, सोसायटीचा सेक्रेटरी बोंब मारेल, कॉलेजला कळेल. आणि बाबा. पालकहो, 'पिऊन आलास तर घरात पाऊल ठेवू नकोस' हे तुम्ही जेवताना सहज बोलून जाता. रात्री दोन वाजता मुलाला तेच आठवतं. त्याच ताटावर एकदा हेही सांगा: अडकलास तर कधीही फोन कर, आधी दवाखाना, भांडण नंतर. याने पोरं लाडावतात असं म्हणणारे मला भेटतात. मला पटत नाही.

आता एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रॉन या अमली पदार्थाबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. रात्रभर अभ्यास होतो, वजन उतरतं, अशी त्याची जाहिरात मित्रच करतात. झोप आणि भूक जाते हे खरं, पण मागोमाग संशय, धडधड आणि पुन्हा हवीच ही ओढ येते. पुडीत नेमकं काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. 'काहीतरी खाण्यात आलं' या एका थापेत उपचारांचा वेळ जातो.

याच कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांना गेला, तर सेवनाच्या किंवा अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, फोन मोफत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथल्या ओपीडीत जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे मला ठाणेकरांना अजूनही सांगावं लागतं.

चिठ्ठ्या आल्यात. नावं नसलेल्या आधी घेतो.