पूलचा पंप चालू होत नाही

तुंगार्ली, लोणावळा. ऑक्टोबर. पाऊस ओसरलाय, बंगल्यांवर शनिवार-रविवारची वर्दळ पुन्हा सुरू झालीय, आणि गावातल्या वायरमन मंडळींना फोन येतायत: पूलचा पंप चालू होत नाही.

पंपरूम बहुतेक ठिकाणी पूलच्या कडेला, जमिनीखाली असते. पूलचं पाणी पंपाकडे आपोआप उतरावं म्हणून ती खाली ठेवतात. पण मग पावसाचं पाणीही तिथेच उतरतं. म्हणून जाणता वायरमन पायऱ्या उतरण्याआधी वरूनच मेन बंद करतो आणि पूलमध्ये कुणी उतरणार नाही, हे केअरटेकरला बजावतो.

"बटण दाबल्यावर आवाज येतो का काही?"

"नाही काका, काहीच नाही."

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोटर नुसती घुं घुं करत असेल, तर वीज तिच्यापर्यंत पोचतेय. बिघाड कपॅसिटरचा, म्हणजे मोटरला सुरू होताना जोर देणाऱ्या भागाचा, किंवा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, जाम झालाय. तशी मोटर चालू ठेवली तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारांचं वेटोळं, जळतं. आणि मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो, त्यामुळे त्याला थेट हात लावायचा नाही. पण इथे आवाजच नाही. म्हणजे वीज वाटेतच कुठेतरी अडलीय.

आधी टायमर. साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. अशा वेळी पंप धडधाकट असतो, फक्त त्याची वेळ झालेली नसते.

मग स्टार्टर. पावसाळ्यात त्याच्या डब्यात मुंग्या शिरतात, पाली शिरतात, काँटॅक्टच्या मध्ये अडकतात. व्होल्टेज फार उतरलं असेल, तर काँटॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला विजेवर चालणारा स्विच, ओढलाच जात नाही. त्याच्या २३० व्होल्टच्या कॉइलला साधारण १९५ तरी लागतात.

इथे टेस्टरवर विसंबू नये. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आलीय, एवढंच कळतं. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो लागतो, आणि पंप मात्र हलत नाही. म्हणून फेज आणि न्यूट्रलमध्ये मल्टिमीटर लावून मोजायचं. हे मोजमाप चालू विजेवर होतं, त्यामुळे ते परवानाधारक वायरमननेच करावं.

या बंगल्यात टायमर ठीक, स्टार्टर ठीक. पडलेला आहे तो आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं उपकरण. अनेकजण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. वर केला, की पुन्हा खाली.

दीड एचपीची मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते. हे उपकरण पाहतं ते वेगळंच: गेलेली वीज तेवढीच परत येते का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते पुरवठा तोडतं. माणसाच्या अंगातून त्याहून थोडी जास्त वीज गेली, तरी हृदय बंद पडू शकतं.

आणि नेमकं इथेच कुणीतरी म्हणतं, "पाहुणे यायचेत, तेवढं डायरेक्ट करून द्या."

घाई समजू शकते. गाळण थांबलं की उन्हात पाणी दोन-तीन दिवसांत हिरवट व्हायला लागतं. पण त्यावर उपाय आहे: संध्याकाळी मापाने क्लोरिन टाका, पाणी हाताने ढवळा, पोहणं बंद ठेवा. आरसीसीबी वगळून पंप जोडणं हा उपाय नाही. ओल्या अंगाने पाण्यात उतरणाऱ्या मुलांसाठी बसवलेलं संरक्षण आपण आपल्या हाताने काढून टाकतो. कुणी पैसे देऊ केले तरी हे काम करू नये, आणि मालकांनी ते सांगूही नये.

मोटरच्या वायरी सोडवल्या. आरसीसीबी आता टिकतो. म्हणजे गळती मोटरमध्येच आहे. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, तर वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध एक मेगओहमच्याही खाली. मोटर खोलल्यावर कारण दिसतं: शाफ्टवरचं मेकॅनिकल सील झिजलंय, पाणी थेंबाथेंबाने बेअरिंगमधून आत गेलंय. बेअरिंग तांबडं पडलंय.

मोटर रिवाइंडिंगला जाईल. सील आणि बेअरिंग नवीन बसतील, अर्थिंगची वायर नव्याने आवळली जाईल. परत जोडल्यावर आधी गाळणीच्या भांड्यात पाणी भरायचं, व्हॉल्व्ह उघडे आहेत का ते बघायचं, आणि पंप सुरू झाल्यावर वायरभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरचा आकडा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून पाहायचा.