आजोबांच्या तुळईची थ्री नॉट थ्री

(पडद्यावर: पत्र्याचं शेड, जमिनीवर सागाची काळी पडलेली तुळई.)

ही तुळई बघा. आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घरातली आहे, धरणगावच्या. घर पाडलं कारण स्लॅब टाकायचा होता, आणि जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा, तेव्हा मी म्हटलं एक तुकडा राहू द्या भो. काकांनी विचारलं कशाला. म्हटलं बंदूक करायचीय. त्यावर ओट्यावर बसलेलं कोणी काही बोललंच नाही, काकू उठून आत गेली.

तर आधीच सांगतो, खरी नाही. एअरसॉफ्ट, म्हणजे खेळातली बंदूक. 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, बीबी म्हणतात तिला, वजन 0.20 ग्रॅम. आत स्प्रिंग असते, बोल्ट, म्हणजे मागंपुढं सरकणारा दांडा, मागं ओढला का ती दबते, ट्रिगर दाबला का पिस्टन पुढं येतो आणि हवेच्या धक्क्यानं बीबी बाहेर. सेकंदाला 100 मीटर वेग धरला तर हिशोब होतो एक ज्यूल. खऱ्या थ्री नॉट थ्री रायफलची गोळी तीन हजार ज्यूलच्या वर जाते, म्हणजे तुलनाच नको. जपानमधून जगभर पसरलेला खेळ आहे हा आणि आम्ही सहा-सात जण मामाच्या पडीक वावरात खेळतो, कापूस निघाल्यावर. डोळ्याला चारी बाजूंनी बंद गॉगल, तोंडाला जाळीचा मास्क, नळीच्या टोकाला भगवा रंग, आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून, कारण लांबून बघणाऱ्याला काय कळणार आहे की आत स्प्रिंग आहे. रस्त्यानं नेताना बॅगेतच. यात हुशारी करायची नाही.

झालं असं की मित्राच्या स्प्रिंगवाल्या रायफलचा प्लास्टिकचा दस्ता, म्हणजे बाहेरचं अंग, मधोमध तडकला. आतलं सामान मात्र ठणठणीत, सिलिंडर, ट्रिगर, 430 मिलिमीटरची आतली नळी, सगळं चालू. तो फेकणार होता. मी म्हटलं दे इकडं, याला लाकडाचं अंग चढवू.

आणि लाकडाचं म्हटल्यावर दुसरी कोणती डोक्यात येणार? थ्री नॉट थ्री. बँकेच्या दारात, ट्रेझरीच्या पहाऱ्यावर, निवडणुकीच्या बूथवर आपण सगळ्यांनी लहानपणी हीच पाहिली. 26/11 ला सीएसटीवर पोलिसांच्या हातातसुद्धा हीच होती. खरं नाव शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड, मार्क तीन, 1907 चं मॉडेल, दोन्ही महायुद्धांत वापरली, आणि आपल्याकडे बंगालात इशापूरच्या कारखान्यात बनायची. तसं आमच्या भागाला बंदुकीचं नवल नाही हो, आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली 1825 साली, तिचं ठाणं धरणगावलाच होतं, त्यांच्या हातात ठासणीच्या बंदुका असायच्या. आणि इकडं वरणगावला तर काडतुसांचा सरकारी कारखानाच आहे.

(पडद्यावर: मिस्तरी आप्पा तुळईवर बोटं फिरवतात.)

मिस्तरी आप्पा. आयुष्यभर बैलगाड्या केल्या, आता दरवाजे करतात. मोबाईलवर फोटो दाखवला तर म्हणे, "हाई काय शे, भो?" मी सांगितलं. मग बराच वेळ फोटो मोठा करून बघत बसले, आणि पहिला प्रश्न असा विचारला का मी गार. म्हणे हे एक लाकूड नाही ना, हे तुकडे आहेत.

बरोबर आहे. बऱ्याच रायफलींचा दस्ता एकसंध असतो, एनफिल्डचा नाही. मागचा, खांद्याला टेकतो तो कुंदा वेगळा, पुढचं लांब लाकूड वेगळं, आणि नळीवर झाकणासारखे दोन तुकडे, म्हणजे लाकूड जवळपास टोकापर्यंत नळीला गुंडाळलेलं. आमच्या ते पथ्यावर पडलं. खरी नळी 640 मिलिमीटरची, आमची 430 ची, म्हणजे पुढं वीसेक सेंटीमीटर नुसता पोकळ ॲल्युमिनियमचा पाइप, पण लाकडाखाली कोणाला दिसतंय! आणि जळगाव जिल्ह्यात पाइपला काय तोटा.

मूळच्या विलायती रायफलींना अक्रोडाचं लाकूड असायचं. ते आपल्याकडं कुठून आणणार, काश्मीरहून? सागाचं वजन अक्रोडाच्या आसपासच भरतं, तेवढं बरंय. पण साग हत्याराची धार खातो, त्यात जुना साग म्हणजे विचारूच नका. आप्पा दर अर्ध्या तासानं रंध्याचं पातं काढून दगडावर घासायचे. आणि तिसऱ्या दिवशी खट्टकन आवाज. तुळईच्या पोटात खिळा. लोहारानं घडवलेला, चौकोनी, बोटभर लांब, वरून काहीच दिसत नव्हतं. पात्याला हा एवढा खड्डा. आप्पांनी खिळा उपटला, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. शिवी माझ्या आजोबांना दिली.

खरी फजिती पुढं आहे. कुंदा रायफलला कसा धरतो, तर मागून पुढपर्यंत आरपार भोक असतं आणि त्यातून लांब स्क्रू-बोल्ट जाऊन पुढच्या लोखंडी खोबणीत आवळतो. फूटभर लाकडात सरळ भोक. मी म्हटलं ड्रिल मशीन आहे ना, पाच मिनिटांचं काम. आप्पा नको म्हणत होते. मी लावलं मशीन, लांब बिट, जोर दिला, आणि बिट लाकडाची रेषा धरून वाकडं होत होत कुंद्याच्या मनगटाच्या, म्हणजे बारीक भागाच्या, बगलेतून बाहेर निघालं. तासून, घासून, गोल करून तयार झालेला कुंदा, चार दिवसांचं काम, त्याच्या कुशीला भगदाड. मी तिथंच शेडमध्ये खाली बसलो. आप्पा चहा सांगायला गेले, रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरा कुंदा त्यांनी गिरमिटानं केला. हातानं. चार फेऱ्या, मग बाहेर काढून भुसा झटकायचा, गुण्या लावून बघायचं, परत चार फेऱ्या. मागून रुंद, पुढून बारीक, दोन्ही बाजूंनी, आणि मधे दोन्ही भोकं भेटली तेव्हा सुतळीएवढाही फरक नव्हता. मी विचारलं कसं काय जमतं, तर म्हणे, "लाकूड सांगस तसं करनं पडस."

कुंद्याची लांबी त्यांनी माझ्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून घेतली. नंतर मी वाचलं की एनफिल्डचे कुंदेसुद्धा शिपायाच्या मापाप्रमाणे आखूड, मध्यम, लांब असे अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं यायचे. आप्पांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

मॅगझीनची गंमत सांगतो. एनफिल्डची दहा गोळ्यांची लोखंडी पेटी खाली लटकते आणि बीबीची मॅगझीन असते पट्टीसारखी, जागाही जुळत नाही. तर पेटी पत्र्याची, पोकळ, नुसती दाखवायची. इथं मी तडजोड केली, मला ती अजून खुपते.

पॉलिश वगैरे नाही. कच्चं जवसाचं तेल, फौजेतही लाकडाला हेच लावायचे. सागात आधीच तेल असतं, त्यामुळं पटकन पीत नाही. पातळ हात मारायचा, पुसायचा, उन्हात ठेवायचा, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचं आमच्याकडचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. आठव्या-नवव्या हाताला तो काळपट तुकडा आतून तांबूस दिसायला लागला.

(पडद्यावर: शेजारचा ओटा, संध्याकाळ.)

आमच्या शेजारी हवालदार काका राहतात, रिटायर्ड, उभी नोकरी थ्री नॉट थ्रीवर. आखाजीच्या दिवशी त्यांच्याकडं नेली. हातात घेतल्या घेतल्या बोल्ट उघडला, आत बघितलं, करंगळी घातली. म्हणे, "कोणी रायफल हातात दिली का पहिले हे." मग बोल्ट दोनदा पुढंमागं केला आणि हसले. "हिचा जोर मागं ओढताना लागतो. आमचीचा पुढं ढकलताना लागायचा." शंभर टक्के बरोबर, खरी एनफिल्ड बोल्ट बंद करताना कॉक होते, म्हणजे आतली स्प्रिंग तेव्हा दबते. बघणाऱ्या कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मग स्वतःशीच कवायतीची ऑर्डर पुटपुटले, बाजू शस्त्र, आणि लुंगीवर, बनियनवर, सरळ उभे राहिले. वजन कमी आहे म्हणाले, खरी चार किलोच्या आसपास भरायची.

मग कुंदा उलटा केला. मागच्या पितळी पट्टीला छोटं झाकण असतं, ते मी हौसेनं बसवलं होतं. त्यांनी नखानं उघडलं आणि तळहातावर ठोकलं. सागाचा भुसा पडला.

"फुलथ्रू कुठंय?"

म्हटलं काका, ते नाही केलं. फुलथ्रू म्हणजे नळी साफ करायची दोरी, तेलाच्या बाटलीसोबत तिथंच ठेवायची असते. काका काही बोलले नाहीत, आतून जुनं धोतर मागवलं, चार बोटं रुंद चिंदी फाडली, सुतळीला बांधली. दुसऱ्या टोकाला वजन पाहिजे होतं. माझ्या खिशात तो तुळईचा खिळा होता, तो दिला. त्यांनी दोन गाठी मारल्या, ओढून बघितलं.

6 मिलिमीटरच्या नळीत तो खिळा जाणारच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दोरीची घडी घातली, भोकात सारली आणि झाकण लावलं.