झग्याचा घेर आणि पायरीवरचा भोपळा

(दृश्य: न्यू जर्सीतलं एक घर, दिवेलागणीची वेळ. कॅमेरा पायरीवर, जमिनीपासून वीतभर उंच.)

कॅमेरा मुद्दाम इतका खाली ठेवलाय.

उभ्या माणसाला या पायरीवर एक कोरलेला लाल भोपळा दिसतो. त्रिकोणी डोळे, वेडेवाकडे दात, आत थरथरणारा पिवळा उजेड. छान दिसतं. पण वीतभर उंचीवरून पाहिलं की आधी दिसतात पावलं, आणि पावलांमागून फरफटत येणारी कापडाची कड.

आता येतेय ती काळी केप. आतला मुलगा सहा-सात वर्षांचा असेल. मुखवट्याच्या भोकांतून त्याला जेमतेम समोरचं दिसतंय, आणि समोर चॉकलेटांचं भांडं आहे. केपची कड भोपळ्याच्या तोंडापासून दोन बोटांवरून गेली. त्याला पत्ताही नाही. आई खाली फुटपाथवर, फोनवर बोलतेय.

काही झालं नाही. बहुतेक वेळा होत नाहीच.

चित्रीकरणासाठी आम्ही भोपळ्यात सेलवरचा दिवा ठेवला होता. मुलाच्या आईला ते ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं.

(दृश्य: घराचं स्वयंपाकघर. ओट्यावर उटण्याची वाटी, शेजारी भोपळ्यातून काढलेल्या बिया.)

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. गोव्यात पहाटे नरकासुर जळाला आणि त्याच तारखेच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं राक्षस होऊन चॉकलेटं मागायला निघाली. या घरात सकाळी अभ्यंगस्नान झालं, दुपारी भोपळा कोरला आणि संध्याकाळी पायरीवर भोपळ्याशेजारी दोन पणत्या लागल्या.

पुण्याहून आलेल्या आजी दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पणत्या उचलल्या. "पोरं येणार ना इथनं? मग वाटेत कशाला दिवे?" बोलता बोलता त्यांनी पदर कमरेला खोचला. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. वातीच्या स्टोव्हवर निम्मं आयुष्य काढलेल्या बाईचा हात ज्योत दिसली की आपोआप पदराकडे जातो. नायलॉनची साडी नेसून स्टोव्हपाशी जायचं नाही, हे त्या पिढीला कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं.

भोपळा मात्र त्यांनी जागेवरच राहू दिला. तो त्यांना दिवा वाटलाच नाही.

(दृश्य: लंडनची एक गल्ली, दारोदार भोपळे.)

वेषांतराचे पोशाख ज्योतीला लागून पेटतात, याकडे ब्रिटनमध्ये लोकांचं लक्ष गेलं ते २०१४ च्या हॅलोवीननंतर. टीव्हीवरच्या प्रसिद्ध निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांची आठ वर्षांची मुलगी चेटकिणीच्या पोशाखात होती. मेणबत्तीची ज्योत पोशाखाला लागली आणि मुलगी गंभीर भाजली. पुढे विंकलमन बीबीसीच्या 'वॉचडॉग' कार्यक्रमात येऊन त्याबद्दल बोलल्या. आग विझवली तरी पुन्हा पेटत होती आणि पायातले टाइट्स वितळून कातडीला चिकटले होते, असं त्यांनी सांगितलं.

मग लोकांनी विचारलं, असा कपडा दुकानात विकायला ठेवतातच कसा? उत्तर मोठं चमत्कारिक होतं. कायद्याच्या लेखी तो कपडा नव्हताच. ते खेळणं होतं.

मुलींच्या नाइटगाउनला ब्रिटनमध्ये १९८५ च्या नियमांनी ज्वलनाची कडक चाचणी घातलेली आहे. चेटकिणीचा झगा मात्र बाहुली आणि ठोकळ्यांच्या रांगेत. त्याला लागू युरोपचं खेळण्यांचं मानक, ईएन ७१, भाग २. त्यानुसार अशा पोशाखावर ज्योत सेकंदाला ३० मिलिमीटरपर्यंत पसरलेली चालते. वेग १० ते ३० च्या मधे असेल तर आगीपासून दूर ठेवा, एवढं छापायचं.

हिशेब करून बघू. आठ वर्षांच्या मुलीच्या घोट्यापासून खांद्यापर्यंत धरा ९० सेंटिमीटर, म्हणजे ९०० मिलिमीटर. भागिले ३०. तीस सेकंद. आणि हे प्रयोगशाळेतल्या सपाट पट्टीचं गणित आहे. धावणाऱ्या मुलीच्या अंगावरचा चार थरांचा घेर त्या पट्टीसारखा वागेल, याची हमी कोण देणार?

त्या प्रकरणानंतर ब्रिटिश रिटेल कन्सॉर्टियम या दुकानदारांच्या संघटनेने मानकापेक्षा कडक अशी संहिता काढली. पाळणं ऐच्छिक.

(दृश्य: परसातली फरशी. वाळूची बादली, पाण्याची बादली, लोखंडी चिमटा, चार कापडी पट्ट्या. पडद्यावर अक्षरं: हा प्रयोग घरी करू नका.)

पहिली पट्टी मलमलची, शंभर टक्के सुती. ज्योत खालच्या टोकाला लावली. मलमल वितळत नाही, ती नुसती जळते, आणि वर जाणारी ज्योत पुढचं कापड आधीच तापवून ठेवते. त्यामुळे चढताना तिचा वेग वाढत जातो. चिमटा वाळूत टाकावा लागला.

दुसरी पट्टी पॉलिएस्टर सॅटिनची, बाजारात केपसाठी मिळतं ते. हे कापड ज्योतीपासून मागे सरतं, आक्रसतं. क्षणभर वाटतं, अरे, हे बरं की! मग एक थेंब सुटतो. जळत जळत खाली पडतो आणि वाळूवर पडल्यावरही जळतच राहतो. पॉलिएस्टर अडीचशे अंश सेल्सियसच्या थोडं पुढे वितळतं. तो थेंब वाळूऐवजी पायावर पडला तर काय, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी पट्टी खऱ्या पोशाखासारखी: वर चमकीची पॉलिएस्टर जाळी, आत सुती अस्तर. इथे दोघांचे दोष एकत्र येतात. वितळलेलं पॉलिएस्टर गळून जायचं ते जळक्या सुताला धरून राहतं, जसं तेल वातीला धरतं. सुती कापड म्हणजे सुरक्षित, हा दिवाळीतल्या फटाक्यांच्या वेळचा आपला ठोकताळा इथे अर्धाच खरा ठरतो. सूत वितळून कातडीला चिकटत नाही हे खरं. पण झिरझिरीत, सैल सूत पेट घ्यायला कुणाची वाट बघत नाही.

चौथी पट्टी जाड लोकरीच्या कांबळ्याची. केस जळाल्याचा वास आला, कड काळी पडली आणि ज्योत काढल्यावर आपोआप विझली.

तेव्हा कापडाचं नाव विचारून भागत नाही. ते किती झिरझिरीत आहे, किती फुललेलं आहे आणि अंगापासून किती लांब झुलतंय, ते बघावं लागतं. दोन्ही बाजूंनी हवा मिळाली की ज्योतीला आणखी काय हवं? अमेरिकेत १९९६ मध्ये मुलांच्या झोपायच्या कपड्यांचे नियम बदलले तेव्हा अंगाबरोबर बसणाऱ्या पायजम्यांना ज्वलनाच्या कडक चाचणीतून सूट मिळाली, ती याच कारणाने. अंगालगत कापडाला हवा कमी मिळते आणि ते ज्योतीपर्यंत झुलत जात नाही. सगळा घोळ घेराचा आहे.

(दृश्य: पॅरिस ऑपेराचं जुनं चित्र. गॅसच्या दिव्यांची रांग.)

घेराने घेतलेले बळी जुने आहेत. १८६२ साली पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर तालमीत एमा लिव्री या तरुण नर्तिकेचा झिरझिरीत स्कर्ट गॅसच्या दिव्याने पेटला. आठ महिने यातना सोसून ती गेली. कापडाला अग्निरोधक द्रावणात बुडवायची सोय तेव्हा होती, पण त्याने कापड ताठर आणि मळकट दिसतं म्हणून लिव्रीने ते नाकारलं होतं. तिला नावं ठेवणं सोपं आहे. आज दुकानात जाड, साधा झगा आणि तलम, चमचमता झगा शेजारी टांगले तर आपली मुलगी कुठला उचलते, आणि आपण कुठल्याचे पैसे देतो?

१९४० च्या दशकात अमेरिकेत मुलांचे काउबॉय पोशाख निघाले. त्यांतल्या काहींच्या विजारींवर केसाळ रेयॉन होतं. ठिणगी पडायचा अवकाश, ते केस भसकन पेटत. अनेक मुलं भाजली, काही दगावली. त्यानंतर लव उठवलेल्या रेयॉनचे स्वेटर तसेच पेटायला लागले आणि १९५३ मध्ये अमेरिकेने ज्वलनशील कापडांविरुद्ध कायदा केला. म्हणजे मुलांचे वेषांतराचे कपडे हे या कायद्याच्या मुळाशीच आहेत. आणि तरी आज तिथे हॅलोवीनच्या पोशाखाला साध्या कपड्यांचीच चाचणी लागते. पट्टी ४५ अंशांत तिरकी धरायची, एक सेकंद ज्योत लावायची, आणि साध्या विणीचं कापड पाच इंच जळायला निदान साडेतीन सेकंद घेत असेल तर ते पास. झोपायच्या कपड्यांना तीन सेकंद ज्योत लावतात आणि ते आपोआप विझावे लागतात.

मग सगळ्या कापडांना औषध का लावत नाहीत? लावून पाहिलंय. मुलांच्या झोपायच्या कपड्यांना ट्रिस नावाचं रसायन लावत. त्याने कर्करोगाचा धोका आहे असं दिसल्यावर १९७७ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली.

(दृश्य: न्यू जर्सीचा नकाशा. जॅक्सन टाउनशिप.)

आपण ज्या राज्यात उभे आहोत, त्याच राज्यातली ही घटना. ११ मे १९८४, 'ग्रेट ॲडव्हेंचर' मनोरंजन उद्यानातला भुताचा वाडा. एकमेकांना जोडलेल्या ट्रेलरमधून केलेला अंधारा चक्रव्यूह. भिंतींना फोमचे गादीसारखे तुकडे, म्हणजे धडपडलं तर लागू नये म्हणून. अंधारात वाट दिसावी यासाठी कुणीतरी लायटर पेटवला आणि फोमने पेट घेतला, असं तपासात सांगितलं गेलं. आतल्या आठ किशोरवयीन मुलांचा जीव गेला. छतात पाण्याचे फवारे नव्हते. कंपनीवर खटला चालला, ज्यूरीने ती निर्दोष ठरवली. पण पुढे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितांनी असल्या वाड्यांसाठी फवारे सांगितले आणि एक नेमकी अटही घातली: धूर लागला की आतले दिवे उजळले पाहिजेत आणि किंचाळ्यांचे आवाज बंद झाले पाहिजेत. सजवलेल्या वाड्यात खरी किंकाळी कुणाला ओळखू येणार?

घरातल्या सजावटीला अशी अट कोण घालणार? कापसासारखं ताणून लावलेलं खोटं कोळ्याचं जाळं, क्रेप कागद, मक्याची वाळलेली ताटं. हे सगळं दाराच्या चौकटीला बांधायचं आणि खाली मेणबत्ती ठेवायची. बाहेर पडायचं दार तेच.

(दृश्य: मुंबई. वेशभूषेचे कपडे भाड्याने देणाऱ्याचं दुकान. दाटीवाटीने टांगलेले पोशाख.)

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्वलनशीलतेसाठी आयएस ९८७३ या मानकाचा दुसरा भाग आहे. पण स्नेहसंमेलनाचे कपडे आपण विकत घेतो कुठे? ते ड्रेसवाल्याकडून येतात. परी, शिवाजी महाराज, मावळा, फुलपाखरू, आणि आता सोसायटीच्या हॅलोवीनसाठी सांगाडासुद्धा. आतल्या शिवणीत लेबल शोधलं, तर एका परीच्या पंखाला मार्करने लिहिलेला आकडा सापडला. तो त्या पंखांच्या जोडीचा अनुक्रमांक होता.

(दृश्य: पुन्हा न्यू जर्सी. दिवाणखान्यातला गालिचा. दोन मुलं लोळतायत, हसतायत.)

थांब, आडवा हो, लोळ. अमेरिकेतल्या शाळांत हे शिकवतात आणि मुलांना तो खेळच वाटतो. तोंडावर हात, आणि लोळायचं. वाटू दे खेळ. पेटलेलं मूल पळतं, आणि पळणं म्हणजे ज्योतीला वारा घालणं. मोठ्यांनी जाड कांबळं किंवा सतरंजी टाकून दाबायचं. मग वीस मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. आणि हे चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी फोन लावायचा. इथे ९११, आपल्याकडे ११२ किंवा १०८.

बाहेर अंधार पडलाय. भोपळ्यातला सेलवरचा दिवा तसाच आहे, नातवाने तो लुकलुकता केलाय आणि लांबून खऱ्यासारखा दिसतो. पणत्यांचं मात्र आजींना पटलं नाही. "दिवाळीला बॅटरी? छे!" शेवटी मोठ्या परातीत वाळू घालून, त्यात पणत्या रोवून परात कठड्यापलीकडच्या कोपऱ्यात गेली, कुणाचा झगा पोचणार नाही अशी.

नात दारात चुळबुळ करतेय. जांभळा झगा, टोकदार टोपी, हातात टॉर्च. आजी खाली बसल्यात, दातांत तीन सेफ्टी पिना. झगा पायात येतोय म्हणून त्या चार बोटं दुमडून घेतायत. "आजी, चेटकिणीचा झगा लांबच असतो," नात म्हणते.

"असू दे," दातांतल्या पिनांमधून आजी म्हणतात. "मागे वळ."