बॅटरी घेऊन रांजणात डोकावा

(आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मुलांनो, सरांनी मला विषय दिला होता 'आरोग्याचे महत्त्व'. ते महत्त्व तुम्हाला पाठ आहे, निबंधात लिहून गुणही मिळवून झालेत. म्हणून मी आज फक्त पाण्याबद्दल बोलणार आहे. पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात जी गर्दी होते, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं घरच्या पाण्यापाशीच सुरू झालेलं असतं.

हात वर करा बघू, रोज नळाला पाणी कोणाकडे येतं? तीनच! म्हणजे बाकी सगळ्यांच्या घरी पिंप आहे, रांजण आहे, हौद आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमकं हेच हवं असतं. तो गटारातला डास नव्हे. त्याला स्वच्छ, न हलणारं पाणी लागतं. पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो चावतो दिवसा. खरं तर 'चावते' म्हणायला हवं. रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी.

ही मादी हुशार आहे. पाण्याची रेघ जिथे असते त्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला ती अंडी चिकटवते. पाणी संपलं तरी अंडी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच सुकी राहतात, आणि पाणी पुन्हा वर चढलं की फुटतात. आता सांगा, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असं आशाताई सांगतात, तेव्हा आपण काय करतो? पिंप उपडं करतो आणि लगेच भरतो. अंडी जागच्या जागी! पिंप आतून काथ्याने खसाखसा घासायचं, उन्हात वाळवायचं, मग भरायचं. आणि आठवडाच का? तर अंड्याचा डास व्हायला या दिवसांत साधारण सात ते दहा दिवस लागतात. तो उडायच्या आत आपला घासायचा वार आला पाहिजे.

चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात कोणी ते ओतून देणार नाही, हे मला कळतं. आईला त्यावरून बोलू नका. तिथे पिंपाच्या तोंडाला जुन्या धोतराचं कापड घट्ट बांधा. हौदात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. अळ्या सापडल्या तर ते पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे विसरू नका. शंभरातल्या नव्वद घरांत तो कधी कोणी बघितलेलाच नसतो. हा माझा अंदाज आहे हं, सर्वेक्षण नाही.

डेंग्यूच्या तापात एक गोष्ट फसवी असते. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि काही जणांची तब्येत नेमकी तेव्हाच ढासळते. पोटात खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, पेशंट गळून गेलाय, असं दिसलं तर लगेच दवाखाना. आणि अंगदुखीवर मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

आता जुलाब. माझ्या उमेदवारीच्या काळात लोक यायचे ते थेट 'सलाइन लावा' म्हणत. नुसता थकवा असला तरी मी लावायचो. नाही लावलं तर पेशंट समोरच्या डॉक्टरांकडे जाईल, ही भीती! आज त्याची लाज वाटते.

1971 साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच सांगितलं, हे पाजत राहा. तिथे शंभरातले जवळपास तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. मोठमोठ्या डॉक्टरांचा आधी विश्वासच बसेना. पुढे तीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

साखर कशाला, हे विज्ञानाच्या पुस्तकात नसेल तर लिहून घ्या. जुलाबात आतड्यातून मीठ आत शिरेनासं होतं, पण साखरेचा हात धरून ते जातं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. हा दरवाजा कॉलऱ्यातही उघडा राहतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट, शिगोशीग नाही! गोड जास्त झालं तर जुलाब वाढतात. म्हणूनच टपरीवरचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. आणि 'जुलाब लागलेत, पाणी बंद करा' असं आजी म्हणाली तर तिला प्रेमाने समजवा. ती तुमचंच ऐकेल, माझं नाही. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी होईना, पितच नसेल, तर मात्र घरी थांबू नका.

माठात हात घालून पेला बुडवणारे इथे किती आहेत, ते विचारत नाही. सरसुद्धा मान खाली घालताहेत! लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या. साबणाचं तुम्ही पहिलीपासून ऐकताय, ते सोडून देतो.

कोणी विचारलं, अळी ओळखायची कशी? बॅटरीचा झोत पाण्यावर टाका. डोकं खाली, शेपटी वर अशी लटकलेली दिसेल, शेपटीकडच्या नळीने श्वास घेत असते. सावली पडली की वळवळत तळाशी जाते, म्हणून जरा थांबायचं, श्वासासाठी ती पुन्हा वर येतेच. बोलण्यापेक्षा दाखवतो. शाळेच्या मागे पाण्याची टाकी आहे ना? बॅटरी मी आणलीय. पहिल्या दोन रांगा, चला माझ्याबरोबर.