चिनी शाळेतला सराव पाठ

श्रोतेहो, नमस्कार.

शिक्षणशास्त्र शिकायला चीनला जाणारे आणि तिथल्या शाळेत सराव पाठ घेणारे जे छात्राध्यापक आहेत, त्यांच्यासाठी आजचं हे भाषण आहे.

आधी कागदपत्रं, कारण इथली चूक फार महागात पडते. १८० दिवसांहून जास्त काळ शिकायचं असेल तर 'एक्स १' व्हिसा लागतो. चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत रहिवासी परवान्यासाठी अर्ज करायचा. हॉटेलात न उतरता भाड्याच्या खोलीत राहणार असाल, तर २४ तासांत तिथल्या पोलीस चौकीत नोंद करायची. खोली बदलली की पुन्हा नोंद. विद्यापीठाने लावून दिलेला सराव पाठ वेगळा आणि पैसे घेऊन केलेल्या शिकवण्या वेगळ्या. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कमाई केली तर दंड होतो, देशाबाहेर पाठवण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. 'सगळेच करतात' म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

आता शाळेत येऊ. पहिले काही दिवस तुम्हाला मागच्या बाकावर बसवतील. हा वेळ वाया गेला असं समजू नका. तिथे दुसऱ्याचा पाठ मागे बसून पाहणं हा नोकरीचाच भाग असतो. केस पिकलेले शिक्षकही निरीक्षण वही घेऊन शेजारच्या वर्गात बसतात. वहीच्या पानाचे तीन रकाने करा: घड्याळातली वेळ, शिक्षकाचा प्रश्न जसाच्या तसा, आणि त्यावर मुलांनी काय केलं. 'पाठ छान झाला' अशी नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबले, कुठल्या बाकांवरच्या मुलांना उठवलं, हे लिहा. खालच्या भागात फळा आहे तसा उतरवून घ्या.

फळ्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण परदेशी छात्राध्यापक हमखास अडतो तो इथे. चिनी शिक्षक फळ्याचे दोन भाग धरतो. मोठ्या भागावर पाठाचा सांगाडा चढत जातो आणि घंटा होईपर्यंत तो पुसायचा नसतो. कडेच्या छोट्या भागावर कच्ची आकडेमोड, अवघड शब्द. हा भाग कितीदाही पुसा. तास संपताना मोठा भाग वाचला की अख्खा पाठ डोळ्यांसमोर यावा, अशी अपेक्षा असते. म्हणून पाठ टाचणातच फळ्याचं चित्र काढावं लागतं. आपल्या सवयीने भरला की पुसला असं केलं, तर मुलांच्या वह्या अर्ध्यावर तुटतात, कारण ती फळा पाहूनच टिपण घेत असतात. आणि चिनी अक्षर लिहिणार असाल तर रेघांचा क्रम चुकवू नका. खालच्या वर्गातली मुलं हा क्रम घोटत असतात. चूक त्यांना लगेच दिसते.

तास प्राथमिक शाळेत साधारण ४० मिनिटांचा, पुढे ४५ मिनिटांचा. वर्गात ४० ते ५० मुलं. बऱ्याच शाळांत घंटा झाली की वर्गप्रमुख 'छी ली', म्हणजे 'उभे राहा', म्हणतो, सगळे उभे राहून 'लाओशी हाओ', म्हणजे 'गुरुजी, नमस्कार', म्हणतात. तुम्ही मध्यभागी उभं राहून 'थोंगश्वेमन हाओ', म्हणजे 'मुलांनो, नमस्कार', म्हणायचं आणि मग बसायला सांगायचं. हे घाईत उरकू नका. वर्ग तुमच्या हाती येतो तो त्याच क्षणी.

मग येते शांतता. लहान मुलं भराभर हात वर करतात, तेही शिस्तीत, कोपर बाकावर टेकवून. पण वरच्या वर्गांत 'कुणाला काही शंका?' असं विचारलं की माना खाली जातात. पाठ फसला असं मानून घाबरू नका. चारचौघांत चुकलं तर शोभा होते, आपल्या एका शंकेसाठी बाकीच्यांचा वेळ जातो, आणि शिक्षकांना शंका विचारणं म्हणजे त्यांनी नीट शिकवलं नाही असं सुचवणं, हे सगळं त्या शांततेमागे असतं. 'समजलं का?' या प्रश्नाला 'समजलं' असं एकसुरात उत्तर येतं, त्यावर मुळीच विसंबू नका. त्याऐवजी एक छोटं उदाहरण सोडवायला द्या आणि बाकांमधून फिरा. दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग विचारा, 'तुम्ही दोघांनी काय ठरवलं?' उत्तर दोघांचं झालं की तोंडं उघडतात. घंटा झाल्यावर लगेच वर्ग सोडू नका. खऱ्या शंका दोन तासांमधल्या छोट्या सुट्टीत टेबलापाशी येतात.

गणित शिकवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. चिनी मोजणी चार-चार अंकांनी पुढे सरकते. दहा हजारांचा एक 'वान', आणि दहा हजार वानांचा एक 'यी'. म्हणजे आपला एक लाख म्हणजे १० वान, कोटी म्हणजे १००० वान, आणि दहा कोटी म्हणजे एक यी. '३५ वान' पाहून मराठी मन ३५ लाख वाचतं, ते असतात साडेतीन लाख. फळ्यावर मोठी संख्या लिहिताना उजवीकडून चार अंक सोडून उभी रेघ मारा. तिथल्या मुलांना तशीच सवय असते. बोटांच्या खुणाही शिकून घ्या. अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ.

पाठानंतर विषयाचे शिक्षक एकत्र बसून तुमचा तास सोलून काढतील. कौतुक दोन वाक्यांत आटपेल, उणिवा मात्र मिनिटामिनिटाच्या हिशेबाने निघतील. तिथे खुलासे देत बसू नका. उभं राहून धन्यवाद द्या आणि लिहून घ्या. तोच पाठ लगेच दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायची परवानगी मागा. चिनी शिक्षक खुल्या पाठाआधी, म्हणजे इतर शिक्षकांना पाहायला बोलावून घेतलेल्या तासाआधी, असंच करतात: एका वर्गावर घ्यायचा, टीका ऐकायची, बदलायचा, पुढच्या वर्गावर घ्यायचा. दुसऱ्या वेळी सगळं टाचण उलटंपालटं करू नका. प्रश्नांची शब्दरचना आणि फळ्याची मांडणी एवढंच बदला, आणि पहिल्या बैठकीत ज्यांनी सर्वांत जास्त चुका काढल्या, त्यांनाच पुन्हा मागच्या बाकावर येऊन बसण्याची विनंती करा. नमस्कार.